जवळून पाहिलेला ओटा: इंटिरियरच्या क्लोज-अप रेंडरमध्ये खरेपणा कसा आणावा

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ पूर्ण केल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमल्या पाहिजेत:

१) चित्रातील एका मिलिमीटरला किती पिक्सेल मिळतात हे काढणे आणि त्यावरून मॉडेलमध्ये किती बारकावे हवेत ते ठरवणे.
२) संगमरवर, पितळ, चुन्याची भिंत आणि कापड यांच्यावर प्रकाश वेगवेगळा का वागतो हे सांगणे.
३) कॅमेरा आणि सूर्यप्रकाश यांचे आकडे हिशेबाने निवडणे.
४) आपले चित्र प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहणे.

साहित्य: फूटपट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर, मोबाईल, त्यावरचा टॉर्च आणि कोणतेही रेंडरिंग सॉफ्टवेअर. उदाहरणे ब्लेंडरमधली घेतली आहेत, कारण ते विनामूल्य मिळते. पण हिशेब सगळीकडे सारखाच लागू होतो.

१. प्रस्तावना

मी जयपूरच्या प्रताप नगरात राहते आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संगणक आलेखन शिकवते. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा पांढऱ्या संगमरवराचा आहे. त्याच्या शेजारी दक्षिणेकडे उघडणारी खिडकी आहे, ओट्यावर एक पितळी तांब्या असतो आणि खिडकीला सांगानेरी छापाचा पडदा आहे. वर्गात एक कामगिरी म्हणून मी या कोपऱ्याची मापे आणि फोटो विद्यार्थ्यांना दिले आणि दोन चित्रे मागितली: एक संपूर्ण स्वयंपाकघराचे आणि दुसरे फक्त ओट्याच्या कडेचे, तांब्यासह.

बहुतेकांचे पहिले चित्र चांगले आले. दुसऱ्या चित्रात मात्र तोच ओटा साबणाच्या वडीसारखा, तांब्या पिवळ्या प्लास्टिकचा आणि पडदा कागदाचा वाटत होता. एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, मॉडेल तेच आहे, मटेरियल तेच आहे, फक्त कॅमेरा पुढे सरकवला. मग बिघडले काय?"

प्रश्न योग्य होता. उत्तर असे की काही बिघडले नव्हते, चूक आधीपासूनच होती. लांबच्या चित्रात ती एका पिक्सेलपेक्षा लहान असल्यामुळे दिसत नव्हती. कॅमेरा जवळ गेला आणि ती पाच पिक्सेलची झाली. या पाठात आपण हाच मुद्दा एकेक घटक घेऊन तपासणार आहोत. क्लोज-अपचा खरेपणा सॉफ्टवेअरच्या एखाद्या गुप्त सेटिंगमधून येत नाही. वस्तू मोजल्याने आणि नीट पाहिल्याने तो येतो.

२. पहिला हिशेब: एका मिलिमीटरला किती पिक्सेल?

समजा, चित्राची रुंदी १९२० पिक्सेल आहे.

संपूर्ण स्वयंपाकघर: चौकटीत ४ मीटर म्हणजे ४००० मिमी रुंदी दिसते.
१९२० ÷ ४००० = ०.४८ पिक्सेल प्रति मिमी. म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण २ मिमी मावतात.

क्लोज-अप: ३६ मिमी रुंद सेन्सर, ५० मिमी लेन्स आणि वस्तू ५०० मिमी अंतरावर. चौकटीची रुंदी = ३६ × ५०० ÷ ५० = ३६० मिमी.
१९२० ÷ ३६० = ५.३ पिक्सेल प्रति मिमी. म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.१९ मिमीचा.

फरक अकरा पटींचा आहे. ओट्याच्या कडेची १ मिमी गोलाई पहिल्या चित्रात अर्धा पिक्सेल, तर दुसऱ्या चित्रात पाच पिक्सेल भरते. संगमरवरावरचा अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा पहिल्या चित्रात नाहीसा होतो, दुसऱ्यात मात्र त्याची जागा मोकळी दिसते. डोळ्याला नेमके काय कमी आहे ते सांगता येत नाही, पण काहीतरी कमी आहे हे लगेच कळते.

म्हणून कोणताही क्लोज-अप सुरू करण्याआधी हा भागाकार करा. ज्या गोष्टी एक पिक्सेलपेक्षा मोठ्या येतात त्यांची यादी करा. त्या यादीतले सगळे मॉडेलमध्ये किंवा टेक्स्चरमध्ये असलेच पाहिजे. एक पिक्सेलपेक्षा लहान गोष्टी वेगळ्या घडवू नका, त्यांचा एकत्रित परिणाम रफनेसमध्ये येतो. असे केले की वेळही वाचतो.

३. कडा आणि सांधे

संगणकात काढलेल्या घनाची कड गणिती असते, तिला जाडी नसते. प्रत्यक्षात अशी कड कुठेच नसते. फरशीवाला ओट्याच्या कडेला मोल्डिंग करतो किंवा निदान तिची धार मारतो. सुतार प्लायवर १ मिमी जाडीचा सनमायका चिकटवतो आणि कडेला पट्टी लावतो. भिंतीच्या कोपऱ्यावर गिलावा आणि पुट्टीमुळे थोडी गोलाई येतेच.

ही गोलाई महत्त्वाची ठरते ती प्रकाशामुळे. गोल कडेवरचा प्रत्येक बिंदू वेगळ्या दिशेला तोंड करून असतो, त्यामुळे त्यातला कुठला तरी बिंदू खिडकीचा प्रकाश तुमच्या डोळ्याकडे परावर्तित करतोच. म्हणून खऱ्या वस्तूच्या कडेवर एक बारीक चकाकती रेघ दिसते. ती नसेल तर दोन रंगीत कागद एकमेकांना चिकटवल्यासारखे वाटते. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी बेव्हल वापरतात. मात्र सगळ्या कडांना एकच माप देऊ नका. घरातली कड व्हर्नियरने मोजा. दगडाची, सनमायकाची आणि स्टीलच्या सिंकची कड वेगवेगळी भरेल.

सांध्यांचेही तसेच. ओटा आणि भिंतीवरची टाइल जिथे मिळतात तिथे व्हाइट सिमेंटची एक रेघ असते. दोन टाइल्समध्ये २ ते ३ मिमी फट असते. दरवाजा आणि चौकट यांच्यातही फट असते, नाहीतर तो उघडलाच नसता. फटीत प्रकाश कमी पोहोचतो, म्हणून ती गडद दिसते. आपले मॉडेल दोन ठोकळे एकमेकांत घुसवून बनवले असेल तर ही गडद रेघ येत नाही आणि वस्तू हवेत तरंगल्यासारखी वाटते.

४. टेक्स्चर: पुरेसे बारीक आणि न पुन्हा येणारे

तुमच्याकडे संगमरवराचे २०४८ पिक्सेलचे टेक्स्चर आहे आणि ते तुम्ही १ मीटरवर पसरले. मिळाले २ पिक्सेल प्रति मिमी. आपल्या चौकटीला ५.३ हवे आहेत. म्हणजे टेक्स्चरचा प्रत्येक ठिपका अडीच पटींहून जास्त ताणला जाणार आणि शिरा धूसर दिसणार. तेच ४०९६ पिक्सेलचे टेक्स्चर ६०० मिमीवर लावले तर ६.८ पिक्सेल प्रति मिमी मिळतात, म्हणजे पुरेसे. नियम सोपा आहे: टेक्स्चरचे पिक्सेल प्रति मिमी हे चौकटीच्या पिक्सेल प्रति मिमीपेक्षा कमी नसावेत.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. प्रताप नगराला लागूनच सांगानेर आहे, तिथे हाताने ठशांचे कापड छापतात. कारागीर लाकडी ठसा रंगात बुडवतो आणि कापडावर दाबतो, मग पुन्हा बुडवून शेजारी दाबतो. नक्षी एकच असली तरी प्रत्येक ठशात रंग थोडा कमी-जास्त उतरतो. दुसऱ्या रंगाचा ठसा पहिल्यावर तंतोतंत बसत नाही, केसभर सरकतो. विद्यार्थी यातले एकच फूल कापून ते शंभर वेळा लावतात. मग कापड यंत्रावर छापलेले दिसते आणि पाहणाऱ्याला ते जाणवते.

उपाय असा: फोटो घेताना एका फुलाचा न घेता निदान दहा-बारा ठशांचा सलग भाग घ्या. त्यावर मोठ्या आकाराचा मंद नॉइज टाकून रंगाची तीव्रता जागोजागी किंचित बदला. सुती कापडाच्या विणीतले धागे मोबाईलने जवळून फोटो काढून मोजा. एका सेंटिमीटरमध्ये समजा २५ धागे भरले, तर एक धागा ०.४ मिमी म्हणजे आपल्या चौकटीत दोन पिक्सेल. तो दिसणार, त्यामुळे विणीचा बंप हवाच.

फोटो ढगाळ प्रकाशात किंवा सावलीत काढा. उन्हात काढलेल्या फोटोत सावल्या आधीच छापलेल्या असतात आणि मग तुमच्या दृश्यातील सूर्य एका बाजूला, तर टेक्स्चरमधला सूर्य दुसऱ्या बाजूला असे होते.

५. पृष्ठभाग: चकाकी कुठून येते?

पॉलिश केलेला दगड, रंगवलेली भिंत, लाकूड, प्लास्टिक हे सगळे धातू नसलेले पदार्थ. प्रकाश त्यांच्यावर सरळ, म्हणजे लंब दिशेने, पडला तर पृष्ठभागावरून थेट परत येणारा हिस्सा असा काढतात:

परावर्तन = [(अपवर्तनांक − १) ÷ (अपवर्तनांक + १)]²

अपवर्तनांक १.५ घेतला तर (०.५ ÷ २.५)² = ०.०४, म्हणजे फक्त ४ टक्के. पण नजर जितकी तिरपी, तितके परावर्तन वाढते. लंबापासून ८० अंशांवर तेच सुमारे ३९ टक्के होते. म्हणूनच ओट्याकडे वरून पाहिले तर दगडाच्या शिरा दिसतात आणि डोळे ओट्याच्या पातळीला आणले तर खिडकीचे प्रतिबिंब दिसते. आता उठून घरातल्या कोणत्याही चकचकीत फरशीवर हे करून पाहा. फिजिकली बेस्ड मटेरियलमध्ये हे आपोआप होते. तुम्ही फक्त अपवर्तनांक १.५ च्या आसपास ठेवा आणि चकाकी वाढवण्यासाठी तो उगाच बदलू नका.

बदलायचा असतो तो रफनेस, आणि तोही सगळीकडे सारखा नको. ओट्यावर जिथे रोज पोळपाट ठेवतात तिथले पॉलिश उडालेले असते. सिंकजवळ पाण्याच्या थेंबांचे डाग असतात. कपाटाच्या मुठीभोवती बोटांचे ठसे असतात. रंगात हे जवळजवळ दिसत नाही, चकाकीत मात्र लगेच दिसते. म्हणून डागांचे टेक्स्चर रंगाऐवजी रफनेसला जोडा आणि त्याचा पल्ला लहान ठेवा, उदाहरणार्थ ०.१५ ते ०.३०. वर्षानुवर्षे वापरलेला ओटा दाखवायचा नसेल तर आणखी कमी.

जयपूरच्या जुन्या हवेल्यांमध्ये आराइश नावाचे काम दिसते. भिजवून मुरवलेला चुना आणि संगमरवराची भुकटी यांचे थर देऊन भिंत अकीक दगडाने घोटतात. भिंत इतकी गुळगुळीत होते की तिच्यात समोरच्या वस्तूंची छाया दिसते. पण ती हाताने घोटलेली असल्यामुळे प्रतिबिंब सरळ राहत नाही, हलके लहरते. अशी भिंत करताना रफनेस कमी ठेवा आणि हाताच्या फिरण्याएवढ्या रुंदीचा, अगदी उथळ बंप द्या. फक्त रफनेस कमी केला तर चुन्याची भिंत होत नाही, काच होते.

धातूची गोष्ट वेगळी. पितळाला स्वतःचा असा पसरट रंग नसतो, त्याचा पिवळेपणा म्हणजे रंगलेले परावर्तन. म्हणजेच तांब्या दिसतो तो त्याच्या आसपासच्या वस्तूंमुळे. विद्यार्थ्यांचे तांबे प्लास्टिकचे का दिसले? कारण कॅमेऱ्याच्या मागे त्यांनी काहीच बनवले नव्हते. तांब्यात परावर्तित व्हायला एक करडी पोकळी होती. खऱ्या तांब्यात मागची भिंत, दार, फ्रिज आणि फोटो काढणारी व्यक्तीसुद्धा दिसते. कॅमेऱ्यामागच्या वस्तू बारकाईने घडवायची गरज नाही, पण साध्या ठोकळ्यांच्या रूपात त्या असायलाच हव्यात.

शेवटी अल्बेडो, म्हणजे पृष्ठभाग किती टक्के प्रकाश परत पसरवतो ते. पांढरा दिसणारा रंग १.० ठेवण्याची सवय मोडा. भिंतीच्या पांढऱ्या रंगासाठी ०.८ हा चांगला आकडा आहे. बंद खोलीत प्रकाश पुन्हा पुन्हा आपटतो. त्याची ढोबळ बेरीज १ ÷ (१ − अल्बेडो) एवढी होते. ०.८ ला ती ५ येते, ०.९५ ला २०. म्हणजे जरासा रंग पांढरा केल्याने खोलीतला फिरता प्रकाश चौपट होतो, सावल्या धुऊन निघतात आणि कोपऱ्यांची खोली जाते.

६. संगमरवर: प्रकाश दगडाच्या आत जातो

एक प्रयोग करा. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च पांढऱ्या संगमरवरावर टेकवा आणि बाजूने पाहा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती मऊ वलय दिसेल. आता तोच टॉर्च रंगवलेल्या भिंतीला टेकवा. तिथे तसे वलय जवळजवळ नसते. संगमरवरात प्रकाश आत शिरतो, कॅल्साइटच्या स्फटिकांमध्ये इकडून तिकडे उडतो आणि थोड्या अंतरावरून बाहेर येतो. याला सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतात. मकराण्याच्या दगडाला जी मऊ झळाळी दिसते तिच्यात याचा मोठा वाटा आहे. ताजमहालासाठी वापरला तो पांढरा संगमरवर मकराण्याचाच.

२००१ मध्ये हेन्रिक वान जेन्सन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी अशा पदार्थांसाठी वापरण्याजोगे गणित मांडले आणि संगमरवराच्या एका नमुन्यावर मोजमापेही दिली. त्या आकड्यांवरून हिशेब केला तर प्रकाश आत विरत जाण्याचे अंतर लाल रंगासाठी सुमारे ८.५ मिमी, हिरव्यासाठी ५.६ मिमी आणि निळ्यासाठी ४ मिमी येते. या आकड्यांतून दोन गोष्टी शिका. एक, हे अंतर मिलिमीटरमध्ये आहे, सेंटिमीटरमध्ये नाही. दोन, लाल थोडा जास्त पसरतो, पण फार जास्त नाही, निळ्याच्या साधारण दुप्पट.

आता ब्लेंडरची मूळ सेटिंग पाहा. तिथे स्केल ०.०५ मीटर, म्हणजे ५ सेमी असते आणि लाल, हिरवा, निळा यांचे प्रमाण १ : ०.२ : ०.१ असते. हे प्रमाण त्वचेसाठी सोयीचे आहे. ते न बदलता संगमरवराला लावले की ओट्याची कड गुलाबी आणि मेणासारखी होते. विद्यार्थ्यांची साबणाची वडी अशी तयार झाली होती. प्रमाण १ : ०.६५ : ०.४५ च्या आसपास आणा आणि स्केल काही मिलिमीटरवर. वरचे आकडे जसेच्या तसे टाकू नका, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरची या अंतराची व्याख्या निराळी असते. त्याऐवजी दृश्यात टॉर्चएवढा छोटा दिवा दगडाला टेकवून रेंडर करा आणि वलयाची रुंदी तुमच्या प्रयोगातल्या वलयाशी जुळवा.

इथेच एककांची चूक महागात पडते. मिलिमीटरमध्ये काढलेले रेखाचित्र मीटर समजून आयात झाले तर ६०० मिमीचा ओटा ६०० मीटरचा होतो. लांबच्या चित्रात हे कळतही नाही. क्लोज-अपमध्ये मात्र ८ मिमीचे वलय त्या डोंगराएवढ्या दगडात हरवते आणि संगमरवर खडूसारखा दिसतो. उलट मॉडेल लहान झाले तर सगळा दगड आतून उजळतो आणि मेण होते. म्हणून मटेरियलला हात लावण्याआधी एक कड निवडून तिची लांबी सॉफ्टवेअरमध्ये तपासा.

७. कॅमेरा: किती धूसर करायचे?

जवळून फोटो काढला की थोडाच भाग स्पष्ट येतो. त्या भागाच्या खोलीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. ५० मिमी लेन्स आणि ३६ मिमी सेन्सर (०.०३ मिमीपर्यंतची धूसरता चालेल असे धरून) हिशेब असा येतो:

अंतर ३ मीटर, एफ/८: सुमारे १.८ मीटर
अंतर ३ मीटर, एफ/२.८: सुमारे ६० सेमी
अंतर ५० सेमी, एफ/८: सुमारे ४३ मिमी
अंतर ५० सेमी, एफ/२.८: सुमारे १५ मिमी

तांब्याचा व्यास १०० मिमी आहे. एफ/२.८ वर त्याचा अर्धा भागही स्पष्ट येणार नाही, आणि ब्लेंडरच्या कॅमेऱ्यात मूळ आकडा हाच असतो. काही जण सुंदर दिसावे म्हणून तो एफ/१ च्याही खाली नेतात. मग मागचे सगळे विरघळते आणि स्वयंपाकघर बाहुलीच्या घरासारखे दिसते, कारण इतकी धूसरता आपण फक्त अगदी लहान वस्तूंच्या फोटोत पाहिलेली असते. वस्तूंचे फोटो काढणारे छायाचित्रकार बऱ्याचदा एफ/८ ते एफ/१६ वापरतात. तिथून सुरुवात करा. आणि धूसरतेचा उपयोग अपुरे मॉडेल लपवण्यासाठी करू नका, तो लगेच ओळखू येतो.

८. प्रकाश: जयपूरचा सूर्य आणि खिडकीचे गज

प्रकाश आवडेल तसा लावण्याआधी तो तिथे पडू शकतो का, ते पाहा. जयपूर सुमारे २६.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. माध्यान्ही सूर्याची उंची २१ जूनला सुमारे ८६.५ अंश आणि २२ डिसेंबरला सुमारे ४० अंश असते. आमच्या खिडकीची वरची कड ओट्यापासून १.२५ मीटर उंच आहे. डिसेंबरमध्ये ऊन १.२५ ÷ टॅन ४०° म्हणजे साधारण १.५ मीटर आत येते आणि सगळा ओटा उजळतो. जूनमध्ये ते जेमतेम ७-८ सेमी आत येते, आणि बाहेरची भिंतच ९ इंची आहे. म्हणजे जूनच्या दुपारी ओट्यावर ऊन नसतेच. तिथे असतो तो आकाशाचा आणि समोरच्या इमारतीवरून परतलेला मऊ प्रकाश. दक्षिणेच्या खिडकीतून जूनच्या माध्यान्ही ओट्यावर कडक ऊन दाखवले तर चित्र आकर्षक दिसेल, पण खोटे असेल. तुमच्या गावाचा अक्षांश घेऊन हा हिशेब करा.

सावलीच्या कडेचाही हिशेब आहे. सूर्य बिंदू नाही. तो आपल्याला सुमारे ०.५३ अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावलीभोवती अर्धवट उजेडाची कड, म्हणजे उपच्छाया, तयार होते. तिची रुंदी दर मीटर अंतराला सुमारे ९ मिमी असते. खिडकीचा गज ओट्यापासून ५० सेमी दूर असेल तर सावलीची कड साधारण ४.६ मिमी, म्हणजे आपल्या चौकटीत २५ पिक्सेल धूसर असते. गज १० मिमी जाड असेल तर साधारण १.१ मीटरच्या पुढे त्याची पूर्ण गडद सावली उरतच नाही. जाळीतून येणारे ऊन जवळच्या भिंतीवर स्पष्ट नक्षी काढते आणि दूरच्या फरशीवर नुसते मऊ ठिपके पाडते, ते यामुळेच. सूर्याचा कोन शून्य ठेवला तर सगळ्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या येतात. तो अर्ध्या अंशाच्या आसपास आहे ना, ते पाहा.

एक सावधगिरी: रेंडरमधले दाणे काढण्यासाठी आपण डिनॉइझर वापरतो. दाणे कोणते आणि कापडाची वीण कोणती, हा फरक त्याला दर वेळी कळत नाही. सॅम्पल कमी असतील तर तो तुम्ही कष्टाने आणलेले धागे आणि ओरखडे पुसून टाकतो. क्लोज-अपसाठी सॅम्पल वाढवा, डिनॉइझरला अल्बेडो आणि नॉर्मलची माहिती द्या आणि शेवटी डिनॉइझ न केलेले चित्र शेजारी ठेवून तुलना करा.

९. खरे दिसणे आणि खरे असणे

आम्ही प्रताप नगरातला फ्लॅट घेतला तेव्हा माहितीपत्रकात स्वयंपाकघराचे जवळून काढलेले रेंडर होते. अखंड पांढऱ्या दगडाचा ओटा, कुठेही सांधा नाही. ताबा मिळाला तेव्हा ओटा दोन तुकड्यांचा होता आणि सांधा सिंकच्या बरोबर शेजारी, जिथे रोज पाणी मुरते. सांध्याची रुंदी २ मिमी. लांबच्या चित्रात ती एक पिक्सेल भरली असती आणि न दाखवल्याबद्दल कोणी दोष दिला नसता. पण ते चित्र क्लोज-अप होते. तिथे दहा पिक्सेलचा सांधा काढून टाकणे हा कोणीतरी घेतलेला निर्णय होता. बहुधा एखाद्या तरुण मुलाने, चित्र स्वच्छ दिसावे म्हणून घेतलेला.

हे तुम्हाला सांगते, कारण उद्या ते चित्र तुम्ही काढणार आहात. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये जाहिरातीच्या व्याख्येत दृश्य स्वरूपातले सादरीकरणही येते. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यावी असे कलम १२ सांगते. पण कायद्याच्याही आधी एक साधी गोष्ट आहे. जवळचे चित्र पाहणाऱ्याला "तू इथे उभा राहून पाहतो आहेस" असे सांगते. माणूस त्यावर विश्वास ठेवतो आणि आयुष्यभराची बचत भरतो. जितके तुमचे कौशल्य जास्त, तितका त्याचा विश्वास जास्त.

म्हणून काम हाती घेताना साहित्याची यादी मागा: दगड कोणता, तुकडे किती, टाइलचे माप काय, सनमायकाचा क्रमांक कोणता. ठरले नसेल तर तसे लिहून घ्या आणि चित्राखाली "साहित्य बदलू शकते" असे स्पष्ट लिहायला सांगा. खोली मोठी वाटावी म्हणून फर्निचर लहान करू नका.

१०. पडताळणी: शेजारी शेजारी ठेवा

१९८४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एका साध्या रंगीत भिंतींच्या पेटीतला प्रकाश संगणकाने काढून दाखवला. पुढे तिथे खरी पेटी तयार करून तिचे दृश्य आणि संगणकाचे चित्र यांची तुलना केली गेली. ही पेटी आजही कॉर्नेल बॉक्स या नावाने वापरली जाते. तिच्यामागची पद्धत तुम्हालाही घरी वापरता येते: खरी वस्तू आणि चित्र शेजारी ठेवा आणि फरक शोधा.

आमच्या वर्गाने ओट्याचे चित्र याच पद्धतीने पुन्हा केले. एकक तपासले, कडा मोजल्या, टॉर्चचे वलय जुळवले आणि कॅमेऱ्यामागे भिंत, दार, फ्रिज ठेवले. सांधाही दाखवला. ज्याने सुरुवातीचा प्रश्न विचारला होता त्याचे चित्र मी घरी मोबाईलवर दाखवले, तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "तांब्या घासायला झालाय गं." यापेक्षा चांगला शेरा मला देता आला नसता.

सारांश

- आधी एका मिमीला किती पिक्सेल मिळतात ते काढा. एक पिक्सेलपेक्षा मोठे ते सगळे हवे.
- कडांना गोलाई आणि सांध्यांना फट द्या, मापे प्रत्यक्ष वस्तूची घ्या.
- टेक्स्चर पुरेसे बारीक आणि न पुन्हा येणारे असावे. डाग रफनेसमध्ये टाका.
- धातूसाठी कॅमेऱ्यामागचे जग हवे, संगमरवरासाठी बरोबर एकक हवे.
- एफ आकडा आणि सूर्याचा कोन हिशेबाने ठरवा.
- जे बांधले जाणार नाही ते जवळून दाखवू नका.

स्वाध्याय

१) ३८४० पिक्सेल रुंद चित्रात २४० मिमीची चौकट दिसते. ०.८ मिमी जाडीची कडेची पट्टी किती पिक्सेल भरेल? या चौकटीसाठी ३०० मिमीवर पसरलेले ४०९६ पिक्सेलचे टेक्स्चर पुरेल का?
२) पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. लंब दिशेने किती टक्के प्रकाश परावर्तित होईल? ओल्या ओट्यावरचे थेंब तरीही का चमकतात, ते कलम ५ च्या आधारे लिहा.
३) तुमच्या गावाच्या अक्षांशासाठी २१ जून आणि २२ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्याची उंची काढा. तुमच्या खोलीच्या खिडकीतून ऊन किती आत येईल? पुढच्या संधीला फूटपट्टीने तपासा.
४) घरातला एक कोपरा निवडा, ३० ते ४० सेमी रुंदीचा. त्याचा फोटो काढा आणि त्याच कोनातून रेंडर करा. दोन्ही चित्रे घरातल्या अशा व्यक्तीला दाखवा, जी तो कोपरा रोज हाताळते. ती जे पहिले वाक्य बोलेल ते वहीत लिहून ठेवा आणि त्यावरून पुढची दुरुस्ती ठरवा.